इंदूआत्याचा परतलेला रंग

लोणावळ्याहून ट्रंककॉल आलाय, असं वसतिगृहाच्या शिपायाने येऊन सांगितलं तेव्हा मी वेणी घालत होते. वेणी पुरी करूनच खाली गेले. काय ऐकायला मिळणार हे ठाऊक होतं, आणि ते जितका वेळ तारेच्या पलीकडे राहील तितकं बरं असं वाटत होतं. फोनवर दादा होता, आत्याचा मुलगा. आई पहाटे गेली, पावसाने गाड्या उशिरा धावताहेत, पण तू निघ, आम्ही थांबतो, एवढं तो बोलला. घरी पोचले तेव्हा ओसरीवर आळीतल्या बायका बसल्या होत्या आणि बोलणं आत्याच्या रूपाबद्दल चाललं होतं. पाडव्याला देवळात पाहिलं तेव्हा काय तुकतुकीत दिसत होत्या, एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, दृष्टच लागली कुणाची तरी. मी खांबाला टेकून खाली बसले. त्या बायका जिला दृष्ट लागली म्हणत होत्या ती टवटवीच तिचा आजार होता, हे मला माहीत होतं आणि काकांना, आत्याच्या यजमानांना, माहीत होतं. आम्हा दोघांपैकी कुणीच तिथे तोंड उघडलं नाही. मला चारचौघांत बोलणं कधी जमलेलं नाही. म्हणून आता, काही आठवड्यांनी, लिहिते आहे.

वडिलांच्या नोकरीत सतत बदल्या, म्हणून मला नवव्या वर्षी आत्याकडे ठेवलं. मुलीने इंग्रजी शाळेतच शिकायचं हा वडिलांचा हट्ट, आणि तशी शाळा लोणावळ्यात होती. सकाळी बूट-मोजे घालून मी नन्सच्या शाळेत जायची आणि दुपारी परत येऊन मागच्या दाराशी बूट काढून, पाय धुऊन, एका वेगळ्याच घरात शिरायची. त्या घरात मला सगळ्यात आधी समजलं ते वलणीवरचं लुगडं. स्वयंपाकघराच्या आढ्याखाली एक बांबू टांगलेला होता आणि त्यावर आत्याचं सोवळ्याचं लुगडं वाळत असे. ते काठीनेच टाकायचं, काठीनेच काढायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर ते पुन्हा धुवायचं. आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात धुतलेलं लुगडं वाळवणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. आत्या शेगडीवर वेताची उलटी टोपली ठेवून त्यावर ते शेकायची, तरी ते दमटच राहायचं. त्याला बाराही महिने धुराचा वास असे. एकदा शाळेतून धावत आले ती टोपलीवर अडखळून थेट त्या लुगड्यावर पडले. मी रडायला लागले. आत्या शांतपणे म्हणाली, "रड, पण इंग्रजीत रड. म्हणजे शेजारी विचारायला यायचे नाहीत." आणि लुगडं उचलून पुन्हा विहिरीवर गेली.

हे सोवळं नुसतं घरापुरतं नव्हतं. आमच्या आळीच्या टोकाला रामाचं लहानसं देऊळ आहे. त्या देवळाचा रोजचा नैवेद्य आळीतल्या घरांतून जातो, तिथे पुजाऱ्याकडे स्वयंपाकाची सोय नाही. कुठल्या घरची बाई अडचणीची असली की पाळी शेजारच्या घरावर जायची, ती अडचणीची झाली की त्यापुढच्या घरावर. त्यामुळे कुणाच्या घरी केव्हा काय झालं हे सगळ्या आळीला नैवेद्यावरून कळे. आत्याला याचा फार संकोच वाटे. मागच्या दाराजवळ, न्हाणीला लागून एक लहान खोली होती. तिथे एक चटई, एक तांब्या, एक ताट. महिन्याचे ते दिवस आत्या तिथे काढायची, आणि त्या खोलीत बसलेली आत्या वेगळीच असायची. जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघायची नाही, हाक मारली तर हळू उत्तर द्यायची... जणू काही चुकलंय.

मी तेरा-चौदाची झाले आणि त्या खोलीत बसायची वेळ माझ्यावर आली, साधारण त्याच वर्षी आत्याची थांबली. ती उंबऱ्याच्या अलीकडे पाट घेऊन बसायची आणि वाल सोलता सोलता माझ्याशी बोलायची. एकदा मला म्हणाली, तू आत आलीस आणि मी बाहेर पडले, घराचा हिशेब चुकला नाही. त्यानंतर आळीतल्या बायका एकमताने तिच्याकडे आल्या. इंदूताई, तुम्ही आता सुटलात, तर रामाचं तुम्हीच कायमचं बघा. ती हो म्हणाली ते असं, की जणू कुणीतरी तिला नोकरीवर घेतलं होतं. पहाटे ओलेत्याने पाणी भरायचं, मग वलणीवरचं लुगडं, मग चुलीवर लहान पितळी पातेल्यांतून वरण, भात, एक भाजी आणि काहीतरी गोडाचं. दुपारची घंटा व्हायच्या आत केळीच्या पानाने झाकलेलं ताट घेऊन ती रस्त्याने चालू लागली की मुलं बाजूला सरत, सायकलवाले थांबत. चाळिशीपर्यंत मान वर न करणारी माझी आत्या त्या रस्त्याने ताठ चालायची. एरवी काका घरातल्या सगळ्या गोष्टी ठरवत. ते शाळेत गणित शिकवत आणि घरातही तसेच बोलत. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे, तेवढ्या वेळेपुरतं, त्यांचंही काही चालत नसे.

मी पुण्याला कॉलेजात गेले, सुट्टीला येत राहिले. दादाचं लग्न झालं. मीनावहिनी दादरची. तिने येताना एक नवीन गोष्ट आणली, गोळ्या. गौरी-गणपती, मंगळागौर, कुणाची मुंज, असं काही आलं की ती आधीपासून गोळ्या घ्यायची आणि अडचण पुढे ढकलायची. तिने हे लाजत लाजत सांगितलं तेव्हा आत्याला केवढं आश्चर्य वाटलं. सायन्सने हे एक काम मात्र बायकांच्या उपयोगाचं केलं, असं ती मला म्हणाली. तिच्या बोलण्यात थोडी हळहळही होती, हे आपल्या वेळी असतं तर...

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे केव्हातरी आत्या छान दिसायला लागली. हे मी मागाहून शहाणपणाने लिहीत नाही. तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. गालांवरचा सुकेपणा गेला, अंग भरलं, चेहऱ्यावर एक ओलसर चकाकी आली. कुसगावची ठकूबाई आमच्याकडे दूध आणि देवाची फुलं घालायची. ती मागच्या पायरीवर बसून आत्याला न्याहाळायची. एकदा म्हणाली, "मावशी, तुमी लय तुकतुकीत दिसाया लागला. काय खाता?"

"तुझं दूध पिते."

"माजं दूद पिऊन मी न्हाई झाले कदी अशी. हितं पानी घालत्ये, तितं अमृत व्हतंय का?"

आत्या खूप हसली. पाणी घालतेस हे कबूल केलंस बरं, म्हणाली. मागच्या दाराशी कुंकू लावायचा एक लहान आरसा आहे. आधी ती त्यात पुरतं बघायचीही नाही, बोटाला सवय होती. त्या वर्षी मी तिला आरशापुढे थांबलेली पाहिली. ती खूश होती असं मला वाटलं नाही. जिना उतरताना अंधारात शेवटची पायरी लागत नाही, पाय तसाच खाली खाली जातो, तेव्हा माणसाचं तोंड जसं होतं तशी ती दिसत होती. मी विचारलं नाही. आमच्या घरात असं काही विचारायची रीत नव्हती.

मग तिचं पोट वाढायला लागलं. लुगड्याच्या ओच्यात ते बराच काळ लपलं. वहिनीला दिवस गेले होते, तर आळीतल्या कुणीतरी सासू-सुनेची बरोबरीने चेष्टासुद्धा केली. जेवण दोन घासांवर आलं, पायऱ्या चढताना धाप लागू लागली, तेव्हा काकांनी तिला पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं. तपासणीच्या खोलीत पुरुष येणार नव्हते, वहिनी माहेरी होती, म्हणून मी आत गेले. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, मराठी बोलत, पण नेमके शब्द आले की इंग्रजीत जात आणि ते माझ्याकडे बघून बोलत. मला त्या शब्दांची लाज वाटत नव्हती. शाळेत, कॉलेजात ते शब्द वहीत उतरवले होते. पण तेच आत्याला मराठीत सांगायचं तर माझ्याकडे शब्दच नव्हते. ओव्हरी म्हणजे काय, तिने विचारलं. मी म्हणाले, पोटात आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढं काहीतरी असतं.

"दोन बदाम," आत्या म्हणाली. "आणि एवढा पसारा."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी थांबल्यावर पुन्हा कधी रक्त गेलं होतं का. आत्याने पदर सारखा केला. मग भिंतीकडे बघत, माझ्याकडे न बघता, तिने सांगितलं. हो, गेलं होतं. दोन वर्षं झाली असतील. पहाटे पाणी भरताना कळलं. पुन्हा आली, असं वाटलं. या वयात काहींना येते म्हणतात. घरात कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर पुन्हा ती खोली, पुन्हा महिन्याचे चार दिवस नैवेद्य शेजारी, आणि पुन्हा सगळ्या आळीत... शिवाय आधी किती दिवस असं होतं, तेव्हा नैवेद्य कुणी केला, ही चर्चा. तिला वहिनीच्या गोळ्या आठवल्या. वहिनीच्या नावाने तिने कंपाउंडरकडून मागवल्या. घेतल्या की रक्त थांबायचं. सोडल्या की पुन्हा सुरू. म्हणून सोडल्याच नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. रागावल्या नाहीत. आमच्याशी त्या बराच वेळ बोलल्या आणि मी ते मोडक्यातोडक्या मराठीत आत्यापर्यंत पोचवत राहिले. वय झालं की बाईच्या पोटातले ते दोन बदाम काम बंद करतात. आत्याच्या एका बाजूला गाठ झाली होती, आणि त्या जातीची गाठ स्वतःच हार्मोन तयार करते, तरुणपणी शरीरात वाहतो तोच रस. शरीर फसतं. त्याला वाटतं वय परत आलं. म्हणून कातडीवर तजेला, म्हणून अंग भरणं, म्हणून ते रक्त. वेळेवर डॉक्टरकडे नेणारी खूण ते रक्तच होतं. ती गोळ्यांनी झाकली गेली आणि तेवढ्या वेळात गाठ आत वाढत राहिली. मी विचारलं, गोळ्यांनी झालं का हे. त्या म्हणाल्या, नाही, असं मी म्हणणार नाही. या गोळ्यांनी काही गाठी उलट दबतातही. कुठल्या गाठीला कुठला हार्मोन खतासारखा पडतो आणि कुठल्या गाठीच्या पेशी त्याने सुटून दुसरीकडे रुजतात, हे अजून आम्हालाच पुरतं समजलेलं नाही. एक मात्र दिसतं, की या गाठीच्या पेशी सुटतात, पोटात आतड्यांवर चरबीचा एक पडदा असतो त्यावर जाऊन बसतात, आणि जिथे बसतील तिथेही तोच रस तयार करतात. बीच ओल सोबत घेऊन फिरतं म्हणा, असं त्या म्हणाल्या. ते मला मराठीत करावं लागलं नाही.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. ऑपरेशन, खर्च, जगणं-मरणं, काही विचारलं नाही. तिने एकच विचारलं.

"म्हणजे ती पाळी नव्हती?"

"नाही बाई. ते आजाराचं रक्त होतं."

आत्याने डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरताना मला दिसलं. खोलीबाहेर पडताना तिने माझा हात धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, "ऐकलंस ना? माझं सोवळं मोडलं नव्हतं." दोन वर्षं ती रोज रामापुढे ताट ठेवत होती आणि रोज मनात माफी मागत होती, हे मला त्या क्षणी कळलं. त्या दिवशी तिला आजार सांगितला गेला आणि ती सुटल्यासारखी हसली. बाहेर बाकावर काका बसले होते, त्यांना ते हसू बघून वाटलं, काही काळजीचं नाही.

ऑपरेशन झालं. जमेल तितकं काढलं, असं सांगण्यात आलं. त्यानंतर आत्या फार झपाट्याने म्हातारी झाली. कातडी सुकली, केस विरळ झाले, चालताना ती भिंतीला हात लावू लागली. बघणाऱ्यांना वाईट वाटायचं. मला मात्र त्या सुरकुत्या बघून धीर यायचा. दर सुट्टीला घरात शिरताना मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायची आणि तो आणखी उतरलेला दिसला की पिशवी खाली ठेवायची. तिने पुन्हा नैवेद्य हातात घेतला. ताट घेऊन चालायला आता जास्त वेळ लागे. ती म्हणायची, राम कुठे जेवायची घाई करतोय.

अशी सुमारे दोन वर्षं गेली. या वर्षी होळीला मी घरी गेले. आत्या मागच्या दारात उन्हाला बसून आंब्याच्या डाळीसाठी कैरी किसत होती. तिने मान वर केली आणि... मी पिशवी हातातच धरून उभी राहिले. गालांवर तो ओलसर तजेला परत आला होता. कपाळाची कातडी ताणून चकाकत होती. घरात सगळे आनंदात होते. आईचा रंग परतला, दादा म्हणाला. वहिनीने शेजारणींना सांगितलं होतं की आता धोका टळला. आत्या माझ्याकडे बघत होती. मी कशाकडे बघते आहे हे तिला कळलं होतं.

"बस," ती हळूच म्हणाली. "मला पहिल्यांदा आरशातच दिसलं. यंदाची रामनवमी होऊ दे, मग सांग सगळ्यांना."

मी म्हणाले, मी आज सांगणार. ती म्हणाली, तू नन्सची शिष्या, तू ऐकणार थोडीच. पण तिने मला अडवलं नाही. त्या संध्याकाळी काका फाटकाशी उभे होते, तिथे जाऊन मी सांगितलं. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"मला दिसतंय," ते म्हणाले. मग फाटकाची कडी लावत, "लग्नात ती अशी दिसत होती."

पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि या खेपेला माझ्याशी इंग्रजीत बोलायचं टाळलं. करण्यासारखं फार उरलं नव्हतं. सुटलेल्या पेशी जागोजाग बसल्या होत्या आणि आपला रस करत होत्या. आत्याने रामनवमी केली. सुंठवड्याची वाटी घेऊन ती देवळाच्या पायरीवर उभी होती आणि बायका येऊन तिचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, इंदूताई, वय विसरलात की काय. मी जवळच उभी होते. कुठलंही अशुभ बोलणं मी त्या शब्दांपेक्षा सहज ऐकून घेतलं असतं.

पुढचं सगळं भरभर झालं. पोटात पाणी भरायचं, ते काढायचं, पुन्हा भरायचं. आषाढात एके दिवशी नैवेद्य करून आल्यावर तिने लुगडं धुतलं, काठीने वलणीवर टाकलं आणि तिथेच खाली बसली. त्यानंतर तिला चुलीपाशी जाता आलं नाही. न्हाणी जवळ हवी म्हणून तिची खाट मागच्या दाराजवळच्या त्या लहान खोलीत टाकली. दुसरी जागा नव्हती. खाट आत नेताना ती एवढंच म्हणाली, शेवटी इथंच आणलंत. हाडं वर आली, हात काटक्यांसारखे झाले, तरी चेहऱ्यावरची चकाकी बराच काळ गेली नाही. ठकूबाई दूध ठेवून दारातूनच बघायची. आत्या गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पायरीवर बसली नाही. मला म्हणाली, "आता कुनी म्हातारं मानूस तरनं दिसाया लागलं, तर मला भ्या वाटंल बगा."

मागच्या आठवड्यात मी पुन्हा लोणावळ्याला गेले. रामाचा नैवेद्य पूर्वीसारखा घरोघर फिरतो आहे. वहिनीने गोळ्या टाकून दिल्या आहेत, तिची अडचण असली की ताट शेजारी जातं आणि ती तसं सरळ सांगते. दादा कामावर गेला होता. स्वयंपाकघरात काका एकटेच बसले होते. वलणीवर आत्याचं लुगडं तसंच होतं, आषाढात तिने टाकलेलं. दमट हवेने त्यावर करडे ठिपके आले होते. मी विचारलं, हे अजून काढलं नाही? काका म्हणाले, कोण काढणार, सोवळ्यात कोण आहे आता घरात. मग लुगड्याकडे बघत म्हणाले, तू अंघोळ करून आली असशील तर तू काढ, कसर लागेल त्याला.

त्या दिवशी मला ते चालणार नव्हतं. नाही म्हणायला शंभर कारणं होती. वलणी उंच आहे, गाडीला उशीर होईल, वहिनी येऊ दे. असल्याच कारणांच्या आड या घरातली एक बाई दोन वर्षं गप्प राहिली होती. माझे कान तापले, तरी मी काकांकडे बघून म्हणाले, "काका, मला पाळी आली आहे."

त्या घरात तो शब्द पुरुषासमोर कुणी उच्चारला नव्हता. चुलीच्या कडेला पडलेला तांदळाचा एक दाणा काकांनी बोटाने उचलला, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा तिथेच ठेवला.

"तूच काढ," ते म्हणाले.

कोपऱ्यातली काठी घेतली. आत्याच्या पकडीची जागा गुळगुळीत झालेली आहे, माझ्या हाताला ती थोडी खाली येते. लुगडं काठीवर घेतलं, पण मला सवय नाही, ते घसरलं आणि माझ्या डोक्यावर, खांद्यांवर येऊन पडलं. सगळीकडे धुराचा वास झाला. मी लहानपणी पडले होते तशीच क्षणभर त्याच्याखाली उभी राहिले. आता पुन्हा धुवायला कुणी नेणार नव्हतं.

ते लुगडं माझ्याकडे आहे, वसतिगृहातल्या ट्रंकेत. दोनदा धुतलं. ठिपके गेले. मधोमध, बांबूवर वर्षानुवर्षं मोडत आलेली घडीची रेघ आहे, ती मात्र तशीच आहे. तिथला रंग उडालेला आहे आणि तो परत यायचा नाही.